सदतीस टवके : बोनेटच्या रंगाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

शिमग्याहून परत. संगमेश्वरहून पहाटे पाचला निघालो, पनवेलला पोचायला दीड वाजला. माणगावात नेहमीची कोंडी, त्यात तास गेला. कोलाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला म्हणून जरा दामटली आणि तिथेच एका खडीच्या डंपरमागे सापडलो. ताडपत्री नाही, फाळका अर्धवट उघडा, प्रत्येक खड्ड्यात मूठभर खडी खाली. ओव्हरटेक करायला जागा नव्हती. दहा-बारा मिनिटं पुढून तडतड आवाज. आई मागून म्हणाली, "लाह्या फुटतायत जणू."

घरी आल्यावर पाणी मारलं तेव्हा दिसलं. गडद निळा मेटॅलिक रंग, त्यावर पांढुरके-करडे ठिपके. गाडी ऑक्टोबर २०२३ ची, २१,४०० किलोमीटर. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, म्हणजे अजून शिल्लक आहे. पहिला विचार हाच आला, की वॉरंटीत करून घेऊ. नोंदवही त्यासाठीच सुरू करतोय.

१७ मार्च

ऑफिसला जाण्याआधी मोजणी. शाम्पूनं धुतली, डांबराचे काळे ठिपके रॉकेलच्या बोळ्यानं पुसले (बाबांची पद्धत, लगेच साबणानं धुवायचं, नाहीतर डाग राहतो). मास्किंग टेपनं बोनेटचे बारा चौकोन केले आणि कागदावर तसाच नकाशा काढला.

बोनेटवर ३७ टवके. बंपरवर २२, पण तिथं खाली काळं प्लास्टिक आहे, गंजायची भीती नाही. डाव्या फेंडरवर (पुढच्या चाकावरचा पत्रा) एकच, पण मोठा, अंगठ्याच्या नखाएवढा. काचेवर काही नाही, नशीब.

३७ चे तीन गट पाडले. नुसती वरची चमक गेलेले १५. खालचा करडा थर दिसणारे १८. पत्रा चकाकतोय असे ४. खरी काळजी या चारांची. कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा आठवडाभरात तांबूस होतो, हे गावच्या घराच्या खिडकीच्या गजांनी शिकवलंय.

रंगाचे थर वाचून काढले. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया, मग गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या दाबानं बसवलेला ईडी कोट, सुमारे २० मायक्रॉन. गंजाशी लढणारा थर तो. त्यावर प्रायमर, मग निळा बेस कोट, जेमतेम १५ मायक्रॉनचा. सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, साधारण ४० मायक्रॉन. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी जाडी. दहा लाखांच्या वस्तूचं कातडं एवढंच.

२२ मार्च, शनिवार

सर्व्हिस सेंटर. अ‍ॅडव्हायझर तरुण मुलगा, नम्र. गाडीपासून पाच फुटांवर उभा राहिला, वाकलाही नाही. "स्टोन चिप्स आहेत सर. वॉरंटीत येत नाही."

फेंडरवरचा मोठा दाखवला. "तो पण स्टोन चिपच सर."

म्हटलं, जॉब कार्डवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या. तो जरा घुटमळला, आतून कुणाला तरी विचारून आला आणि 'ग्राहकाची तक्रार : रंग उडणे. निरीक्षण : दगडाचे घाव. वॉरंटी लागू नाही' असं लिहून दिलं. फोटोही त्याच कार्डाला जोडायला लावले. तोंडी नकाराचं पुढं काहीच करता येत नाही. कागदावरच्या नकाराशी निदान भांडता तरी येतं.

बोनेट पूर्ण रंगवायचा त्यांचा अंदाज ७,००० रुपये.

२३ मार्च

डिकीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात वॉरंटीची पुस्तिका. पहिल्यांदाच उघडली, पानं एकमेकांना चिकटलेली.

वॉरंटी म्हणजे काय, तर माल किंवा कारागिरीतला दोष. रंगही त्यात येतो. मग काय काय येत नाही त्याची यादी : दगड, ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबर, कारखान्याचा धूर, खारी हवा. गंजाची वेगळी वॉरंटी आहे, पण तिथे 'गंज' म्हणजे पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडलं तरच. वरून आलेला गंज त्यांच्या हिशेबात गंजच नाही. कोकणात जाणाऱ्यानं ही यादी वाचली तर गाडी घेणारच नाही.

रागावून वाचायला बसलो होतो, पण बोनेटच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. कारखान्यानं रंग नीट लावला की नाही एवढीच त्यांची जबाबदारी. खडी डंपरची, खड्डा रस्त्याचा, वेग माझा. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० ऐवजी ८० नं गेलो म्हणून प्रत्येक खड्याचा मार पावणेदोन पटींनी वाढला. डंपरच्या मागे ८० नं जायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

'रंगच मऊ आहे' असंही म्हणता येतं. ते तपासायची रीत आहे : एसएई जे४०० नावाच्या चाचणीत ठरावीक मापाची खडी हवेच्या दाबानं रंगवलेल्या पत्र्यावर फेकतात आणि टवके मोजतात. पण ती प्रयोगशाळेतली चाचणी. कोलाडच्या डंपरची खडी मोजून फेकलेली नव्हती. बोनेटचा दावा सोडला.

फेंडरचा मात्र सोडणार नाही. भिंग घेऊन बसलो. बोनेटवरचे टवके खड्ड्यासारखे आहेत, मध्ये घावाचा बिंदू, कडा चुरलेल्या. फेंडरवर घावाचा बिंदूच नाही. कडा स्वच्छ, पापुद्र्यासारखी. नख लावलं तर कड उचलते. आणि तळाशी पत्रा नाही, करडा प्रायमरही नाही, तिथे दुसरा निळा आहे. गुळगुळीत, चमकणारा निळा.

निळ्याखाली निळा कसा?

२९ मार्च

तळोजा एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये मित्र आहे. त्यांच्याकडे थराची जाडी मोजायचं यंत्र रोजच्या वापरात. शनिवारी दुपारी घेऊन आला. आधी बरोबरच्या लोखंडी तुकड्यावर शून्य जुळवलं, मग प्रत्येक भागावर पाच-पाच वाचनं. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, खाली लोखंड लागतं.

छप्पर १०८ ते ११८ मायक्रॉन. बोनेट ११२ ते १२४. उजवा फेंडर ११० ते १२१. मागचे दोन्ही दरवाजे त्याच घरातले.

डावा फेंडर २४६ ते ३१०.

डावा पुढचा दरवाजा फेंडरकडच्या कडेला १९०, मग उतरत उतरत हँडलपाशी ११५.

मित्रानं यंत्र पुन्हा शून्य केलं, पुन्हा मोजलं. तेच आकडे. म्हणाला, "हा फेंडर दोनदा रंगलाय रे. आणि मॅचिंग जुळावं म्हणून दरवाजावर फवारा ओढत नेलाय." लांबी (पोचा भरायची पुट्टी) भरली असती तर आकडा पाचशे-हजाराच्या पुढे गेला असता, म्हणजे पोचा नव्हता, ओरखडा असावा. जुन्या क्लिअर कोटला पॉलिश पेपर नीट न मारताच वरून रंग मारला असेल, तर नवा थर जुन्याला धरतच नाही. खड्याचं नुसतं निमित्त, पापुद्रा आधीच सुटलेला.

गाडी मी नवी घेतली होती.

३० मार्च, पाडवा

आज काम बंद. गुढी, श्रीखंड. दुपारी शोरूमवरून गेलो, बाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग, लोक सहकुटुंब फोटो काढतायत. यंत्र खिशात होतं. हिनं हात धरून पुढं नेलं.

२ एप्रिल

हे मी केलेलं नाही, हे दाखवायचं कसं? बाहेर कुठे काम झालेलं नाही, विम्याचा एकही दावा नाही, तिन्ही सर्व्हिस त्यांच्याकडेच. डिलिव्हरीच्या दिवशीचा व्हिडिओ सापडला, पण त्यात फेंडरवर फक्त मेहुण्याचं प्रतिबिंब.

मग बोनेट उघडून बघितलं. फेंडरच्या बोल्टवरचा रंग अखंड, पाना लागलेला नाही. म्हणजे फेंडर न काढता जागेवरच रंगवलाय. दरवाजाच्या काचेची रबरी पट्टी किंचित उचलली तर तिच्या कडेवर निळ्या फवाऱ्याची बारीक धूळ. कारखान्यात सांगाडा रंगून भट्टीतून निघतो आणि मग रबरं बसतात. रबरावर रंग म्हणजे गाडी पुरी जोडल्यावर कुणीतरी रंग फवारायचं पिस्तूल धरलं. ट्रेलरवरून उतरवताना किंवा यार्डात घासली असेल आणि गुपचूप टचिंग केलं असेल, असा माझा अंदाज. सिद्ध करता येणार नाही, पण दुसरं काही जुळत नाही.

५ एप्रिल

कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि डीलरला एकच मेल. तीनदा लिहिलं. पहिल्या मसुद्यात सगळं होतं : डंपर, ३७ टवके, अ‍ॅडव्हायझर वाकला नाही, वगैरे. ते वाचून मीच नकार दिला असता.

शेवटचा मसुदा नऊ ओळींचा. सुरुवातच अशी, की बोनेट आणि बंपरवरचे दगडाचे घाव वॉरंटीत येत नाहीत हे मला मान्य आहे, त्याची मागणी नाही. मागणी फक्त डाव्या फेंडरची. वाचनांचा तक्ता, रबरावरच्या फवाऱ्याचा फोटो, जॉब कार्डची प्रत. प्रश्न एकच : विक्रीपूर्वी या गाडीच्या डाव्या बाजूला रंगकाम झालं होतं का, आणि झालं असेल तर मला का सांगितलं नाही?

११ एप्रिल

फोन आला. "सर, बाहेर कुठे डेंटिंग-पेंटिंग करून घेतलंय का?" नाही. "आठवून बघा सर." बघितलं. नाही.

तक्रार क्रमांक मिळाला. संयुक्त तपासणी १६ तारखेला.

१६ एप्रिल

अर्धी रजा. कंपनीचे एरिया इंजिनियर आले होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. डीलरच्या बॉडीशॉपच्या यंत्रात सेल नव्हता. माझ्या मित्राचं यंत्र पुढं केलं. मॅनेजर म्हणाले, बाहेरचं यंत्र चालणार नाही. इंजिनियरनी काही न बोलता ते घेतलं, शून्य जुळवलं, आधी छप्पर मोजलं, मग उजवा फेंडर, मग डावा. डाव्यावर तीनदा. मग खिशातून रुमाल काढून रबरी पट्टी पुसली आणि रुमाल मॅनेजरना दाखवला. रुमालावर काही नव्हतं, फवारा पुसला जाण्यातला नव्हताच. तेच दाखवायचं होतं बहुतेक.

"पीडीआयचं शीट काढा," एवढंच म्हणाले. डिलिव्हरीआधीच्या तपासणीचा तो कागद. अर्ध्या तासानं उत्तर आलं : सापडत नाही.

निघताना ते मला बाजूला म्हणाले, "फेंडरचं मेलमध्ये वेगळं काढलंत ते बरं केलंत. लोक सगळं एकत्र पाठवतात, मग सगळंच एका शिक्क्यात जातं."

२६ एप्रिल

निकाल. कंपनी म्हणते हा कारखान्यातला दोष नाही, म्हणून वॉरंटी नाही. खरंय, कारखान्यानं १२० मायक्रॉनच लावले होते. डीलर म्हणतात, 'ग्राहकाच्या समाधानासाठी गुडविल म्हणून' डावा फेंडर आणि पुढचा दरवाजा विनामूल्य रंगवून देऊ.

गुडविल! चूक मान्य न करता चूक दुरुस्त करायला हा शब्द काढलाय.

ग्राहक आयोगाचा विचार दोन दिवस केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांत तक्रार करावी लागते. डिलिव्हरीपासून धरलं तरी ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि माझ्या गाडीच्या किमतीला शुल्क फक्त काहीशे रुपये. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहेच. पण मागायचं काय? नव्या गाडीच्या नावाखाली रंगवलेली गाडी दिली याची भरपाई. मिळेलही. वकील मित्र म्हणाला, "तारखांना तू जाशील का?" हिनं माझ्याकडे बघितलं, मी जाणार नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

तीन अटी घातल्या : जॉब कार्डवर आधीची वाचनं लिहायची, काम बूथमध्येच (रंगकामाची बंदिस्त खोली), आणि या रंगकामाला एक वर्षाची हमी लेटरहेडवर. तिन्ही मिळाल्या. कारण लिहून मागितलं, ते नाही मिळालं.

३ मे

बोनेटचा खर्च विम्यातून निघतो का? हिशेब मांडला.

विमा झिरो डेपचा आहे, त्यामुळे घसाऱ्याची कपात नाही. (नसती तर रंगाच्या बिलातला एक चतुर्थांश हिस्सा मटेरियल धरून त्याच्यावर ५० टक्के घसारा लावतात.) १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून. ७,००० मधले ६,००० मिळणार.

आता जाणार काय? नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. येत्या ऑक्टोबरला २५ टक्के मिळणार होता, तो शून्य. पुढच्या वर्षी ३५ ऐवजी २०, त्याच्या पुढे ४५ ऐवजी २५. ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम ९,००० च राहील असं धरून २,२५० अधिक १,३५० अधिक १,८००, म्हणजे ५,४००. वर १८ टक्के जीएसटी धरला तर ६,३७२.

सहा हजार मिळवायला सहा हजार तीनशे बहात्तर. शिवाय सर्व्हेयर म्हणणार, हे ३७ घाव एका अपघाताचे कशावरून? बरेचसे जुने असतील, ही झीज आहे. आणि पंधरा-सोळा तरी जुने असतील, हे मलाही माहीत आहे. विमा रद्द.

१० मे

जुन्या पनवेलात एक पेंटर मामा आहेत, तीस वर्षं हेच काम. बोनेट रंगवायचा भाव विचारायला गेलो. त्यांनी बोनेटवर तळहात फिरवला आणि म्हणाले, "रंगवू नकोस."

गिऱ्हाईक परत पाठवणारा पेंटर विरळाच, म्हणून चहा घेत ऐकलं. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, त्यामुळे रंग १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. बाहेर पूर्ण गाडी बूथमध्ये असते, वायरी, प्लास्टिक, टाकी सकट; साठ-सत्तर अंशांच्या वर जाता येत नाही. म्हणून त्यांना वेगळा, हार्डनर घालून वाळणारा रंग वापरावा लागतो. "मी कितीही चांगला मारला तरी ओरिजिनल तो ओरिजिनल. सदतीस ठिपक्यांसाठी अख्खा ओरिजिनल कशाला खरवडतोस? ठिपके भर. घरी भर. माझ्याकडे दे म्हणालास तर मी अख्खंच रंगवीन, मला तेच परवडतं."

दाराच्या खांबावरच्या पट्टीवरून रंगाचा कोड लिहून दिला आणि दुकानाचा पत्ता. पैसे घेतले नाहीत.

१७ आणि १८ मे

सामान : कोडप्रमाणे मिसळलेला ५० मिली बेस कोट, छोटा क्लिअर, गंजाचं प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन आणि तीन हजार नंबरचे पॉलिश पेपर, पॉलिश, टूथपिक. एकूण १,३८० रुपये.

चार उघड्या टवक्यांपैकी दोन तांबूस झालेत. दोन महिने लांबवलं त्याचा हा दंड. टूथपिकला पेपरचा बारीक तुकडा चिकटवून गंज खरवडला, अल्कोहोलनं पुसलं, प्रायमरचा टिपका. रात्रभर वाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी बेस कोट. झाकणाला आलेला ब्रश वापरायचा नाही, तो खड्ड्याच्या दुप्पट जागा रंगवतो. टूथपिकच्या टोकावर थेंब, खड्ड्यात नुसता टेकवायचा, रंग आपोआप पसरतो. एका दमात भरायचा नाही. तीन थर, मध्ये अर्धा-अर्धा तास. पहिल्या पाच टवक्यांना हात थरथरला, तिथे डोंगर झालेत. पंधराव्यापासून जमायला लागलं. मुलगी शेजारी बसून नकाशावर एकेक फुली मारत होती. दोन चुकून दुसऱ्याच चौकोनात मारल्या, त्यावरून वाद.

क्लिअर पुढच्या शनिवारी. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा कोरडी, असा बेत.

२६ मे

बेत कसला. वीस तारखेपासून पाऊस कोसळतोय आणि आज हवामान खात्यानं मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता. माझ्या बोनेटसाठीच आला असावा.

ठिपके क्लिअरविना उघडे. गाडी सोसायटीच्या स्टिल्टखाली, बोनेटवर जुनी चादर. वॉचमननं विचारलं, "आजारी आहे का?"

त्यातल्या त्यात बरं म्हणजे फेंडर झाला. शनिवारी गाडी मिळाली. निळा जुळलाय, उन्हात बघायचा राहिलाय, कारण ऊन नाही. मोजलं : १३८ ते १६०. या वेळी जुना थर उतरवून मारलाय. आकडे जॉब कार्डवर लिहवून घेतले. अ‍ॅडव्हायझर तोच मुलगा. या वेळी वाकून, टॉर्च लावून दाखवत होता.

७ जून, शनिवार

पाऊस आठवडाभर दडी मारून बसलाय. साधलं. क्लिअरचे दोन टिपके, रविवारी रात्रीपर्यंत बंद जागेत.

१४ जून

दोन हजार नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, पेन्सिलीच्या मागच्या रबरावर गुंडाळून फक्त उंचवटे घासले. मग तीन हजार, मग पॉलिश. एका ठिकाणी जास्त घासलं, क्लिअर पातळ झाला, तिथे धुरकट डाग कायमचा. तो टवका होता त्यापेक्षा वाईट दिसतो.

दोन हातांवरून पाहिलं तर ३७ पैकी पाच-सहा दिसतात. हिला विचारलं. "कुठे होते?" म्हणाली. ही दाद आहे की दुर्लक्ष, कळलं नाही.

२८ जून

पीपीएफच्या (पेंट प्रोटेक्शन फिल्म) दुकानात. पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड. खड्याचा मार तीच झेलते. सिरॅमिक कोटिंगवालाही शेजारीच होता, पण ते काही मायक्रॉनचं प्रकरण. पाणी घरंगळतं, धूळ कमी धरते, खडी थांबवत नाही. नव्या रंगावर फिल्म लावायची तर महिनाभर थांबावं लागतं, आतलं थिनर उडून जायला. फेंडरचे पाच आठवडे झाले.

बोनेट, दोन्ही फेंडर आणि बंपर मिळून २८,००० सांगितले. पाच वर्षांची वॉरंटी. कार्ड मागून वाचलं. पिवळी पडली, तडकली, सुटली तर बदलून. दगडानं फाटली तर वॉरंटी लागू नाही.

हसलो, तर दुकानदाराला वाटलं भाव जास्त झाला. २५,००० म्हणाला.

फिल्म घेतली नाही. चारही चाकांचे मडफ्लॅप घेतले, ९०० रुपये. दरवाजांच्या खालच्या पट्टीवर जे बारीक टवके आहेत ते डंपरचे नव्हेत, माझ्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खडीचे आहेत.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. रात्री निघून सकाळी गावी पोचलो. कोलाडपर्यंत एक डंपर पुढे होता, बराच वेळ. शंभर-सव्वाशे मीटर मागे राहिलो. मागचा हॉर्न वाजवत होता, वाजवू दिला. माणगावला दीड तास.

अंगणात गाडी धुऊन मोजणी. लाल पेनानं नकाशावर टाकले : नवे ६, पत्र्यापर्यंत एकही नाही. टूथपिक आणि बेस कोटची बाटली बरोबर आणली होती, पण बाटलीतला रंग घट्ट झालाय. थिनर आणायला उद्या संगमेश्वरला जायचं आहेच, मखराच्या सामानासाठी.